जादा टाकीची नळी कशाची असावी?



मागच्या व्याख्यानात आपण 'गुण वस्तूत असतो की वस्तूंमधल्या संबंधात असतो' या प्रश्नापाशी थांबलो होतो. त्यावर बऱ्याच श्रोत्यांनी कळवलं, की घट-पट फार झाले, आता हातात धरता येईल असं काहीतरी घ्या. मागणी रास्त आहे. म्हणून आजचा सगळा वेळ आम्ही एका नळीला देणार आहोत. मोटारसायकलच्या मागच्या कॅरियरवर पेट्रोलची जादा टाकी बसवतात, तिच्यातून मूळ टाकीकडे पेट्रोल नेणारी नळी. लांबी साधारण एक मीटर, जाडी करंगळीएवढी. ती कशाची असावी, एवढाच आजचा प्रश्न.

हा प्रश्न आमचा नव्हे. आमच्याकडे तर्कशास्त्र शिकलेला एक विद्यार्थी आता मनाली-लेहच्या रस्त्यावर जायला निघाला आहे, बायकोला मागे बसवून. त्याचं म्हणणं असं: "सर, पाच दुकानांत पाच नळ्या दाखवल्या. प्रत्येकजण म्हणतो, हीच पेट्रोलला चालते. या 'चालते'चा अर्थ काय घ्यायचा?" प्रश्न चांगला आहे, आणि नुसता शब्दांचा नाही. ती टाकी त्याच्या बायकोच्या पाठीशी असणार आणि नळी सायलेन्सरच्या वीतभर वरून जाणार. उणे ४० अंशांच्या आसपासही ठिणगीनं पेट घेईल इतकी वाफ पेट्रोल सोडतं, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे खालीच रेंगाळते. तेव्हा 'चालते' या क्रियापदावर थोडा वेळ घालवायला हरकत नाही.

आधी एक उपप्रश्न. जादा टाकी लागतेच का? मनालीकडून जाताना तांडीच्या पंपावर पाटी आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. गाडीची टाकी १३ लिटरची आणि ॲव्हरेज ३० चं धरलं तर ३९० किलोमीटर होतात. म्हणजे हाताशी २५ किलोमीटर उरतात. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर तेवढे सहज संपतात. पण त्यासाठी पाच लिटरचा धातूचा डबा पुरतो, थांबून ओतायचं आणि पुढे जायचं. त्याला नळी लागत नाही आणि आजचं व्याख्यानही लागत नाही. खरी जोडलेली जादा टाकी ही चीज वाढली ती अमेरिकेत, न थांबता अंतर कापणाऱ्यांमध्ये. तिथल्या आयर्न बट रॅलीत, जी १९८४ साली सुरू झाली, अकरा दिवसांत अकरा हजार मैल जायचं असतं, आणि मूळ टाकी धरून एकूण साडेअकरा गॅलन, म्हणजे सुमारे साडेत्रेचाळीस लिटर, एवढीच इंधनाची मर्यादा असते. मर्यादा घालावी लागली यातच काय ते आलं. आपल्याकडे अशी टाकी जोडण्याआधी मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम वाचा आणि आरटीओत विचारून घ्या. नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत फेरफार त्या कलमाला चालत नाही. हे सांगून आम्ही नळीकडे वळतो.

रचना सोपी असते. जादा टाकी मूळ टाकीपेक्षा किंचित उंच, तिच्या तळाशी कॉक, कॉकला नळी, मध्ये फिल्टर, आणि नळीचं दुसरं टोक मूळ टाकीला काढलेल्या निपलवर. पंप नाही. पेट्रोल आपल्या वजनानं उतरतं. आता इथे बहुतेक लोकांच्या डोक्यात पहिला विचार येतो तो दाबाचा. 'मजबूत पाहिजे, प्रेशरची पाहिजे' असं म्हणत ते स्टीलच्या जाळीची महाग नळी उचलतात. जरा हिशेब करू. टाकीतल्या पेट्रोलची पातळी नळीच्या खालच्या टोकापेक्षा अर्धा मीटर उंच आहे असं धरा. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला पाऊण किलोच्या आत. म्हणजे दाब झाला साधारण ०.०३६ बार. इंजेक्शनच्या गाडीत पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या नळीत तीन बारच्या आसपास दाब असतो. आपल्या नळीवर त्याच्या ऐंशीव्या भागाएवढाही नाही. बाजारातली साधी रबरी पेट्रोल-नळीसुद्धा ५० पीएसआय, म्हणजे जवळजवळ साडेतीन बारसाठी बनवलेली असते. तेव्हा दाबाचा प्रश्न इथे नाहीच.

प्रवाहाचाही नाही. गाडी ताशी शंभरनं चालली आणि लिटरला २५ किलोमीटर दिले, तर तासाला चार लिटर, मिनिटाला ६७ मिलिलिटर. आतून सहा मिलिमीटर रुंद नळी एवढं आरामात देते. त्याहून जाड नळी घेण्याचं कारण नाही.

मग नळी मरते कशानं? इथे आपला मागचा धडा कामाला येतो. 'टिकाऊ रबर' असं काही नसतं. कशात टिकाऊ, हे सांगितल्याशिवाय वाक्य अर्धंच राहतं. गाडीच्या ब्रेकच्या आणि रेडिएटरच्या नळ्यांत ईपीडीएम नावाचं रबर असतं. ब्रेक ऑइल, गरम पाणी, ऊन, ओझोन, सगळं ते वर्षानुवर्षं सोसतं. त्याला पेट्रोलमध्ये टाका, फुगून लोळागोळा होईल. उलट पेट्रोलच्या नळीतलं नायट्राइल रबर ब्रेक ऑइलमध्ये टिकत नाही. सिलिकॉनचं तर आणखी मजेशीर आहे. रिमोटवर उडवायच्या छोट्या विमानांत मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन असलेलं इंधन वापरतात, तिथे सिलिकॉनची नळी उत्तम. ते बघून कुणीतरी ती मोटारसायकलला लावतो. दोनशे अंशांची उष्णता सोसणारं हे सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, निपलवरून सुटतं, आणि पेट्रोलची वाफ त्याच्या भिंतीतून आरपार जाते. एक इंधन चाललं म्हणून दुसरं चालेल, असं नाही. 'इंधन' हा शब्द एक आहे, द्रव्यं वेगळी आहेत.

एवढं बहुतेक मिस्त्रींना माहीत असतं. चांगल्या गॅरेजमध्ये तुम्हाला सिलिकॉन कुणी देणार नाही. ते काय म्हणतील? "ही बघा, काळी रबरी नळी, कंपनीच्या गाडीला हीच असते. दहा-दहा वर्षं काही होत नाही." हे अनुमान आहे, आणि वरवर बघता निर्दोष दिसतं. जी नळी मूळ टाकीखाली दहा वर्षं टिकली, ती जादा टाकीखालीही टिकणार. द्रव तोच, नळी तीच, गाडीही तीच.

पण न्यायशास्त्र शिकलेल्यांना इथे थांबायला हवं. धूर दिसला की अग्नी असणार, हे अनुमान बरोबर. उलटं केलं, की अग्नी दिसला म्हणजे धूर असणारच, तर ते चूक ठरतं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीपाशी दर वेळी धूर का दिसतो? कारण लाकूड ओलं असतं. अग्नीच्या जोडीला एक अट लपलेली असते आणि आपण सगळं श्रेय अग्नीला देतो. या लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात, आणि अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात तिचं नाव आहे आर्द्रेन्धनसंयोग. ओल्या इंधनाशी संयोग.

आता मजा बघा. मिस्त्रींच्या अनुमानातही उपाधी लपलेली आहे, आणि तीही ओलेपणाचीच आहे. मूळ टाकीखालची नळी दहा वर्षं टिकते ती सतत पेट्रोलनं भरलेली असते म्हणून. जादा टाकीची नळी वर्षातले पंधरा दिवस भरलेली असते आणि साडेतीनशे दिवस कोरडी.

कोरडी नळी तर आरामात असायला हवी, असं वाटेल. प्रत्यक्षात उलटं होतं. रबर लवचीक राहावं म्हणून त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळलेलं असतं, प्लॅस्टिसायझर. नळीत पेट्रोल आलं की थोडं पेट्रोल रबरात शिरतं आणि रबर जरा फुगतं. त्याच वेळी प्लॅस्टिसायझर विरघळून पेट्रोलबरोबर निघून जातं. जोवर नळी भरलेली आहे तोवर आत शिरलेलं पेट्रोलच त्याची जागा घेऊन बसतं, म्हणून नळी मऊ लागते आणि कुणाला काही कळत नाही. सहल संपली, टाकी रिकामी केली, पेट्रोल उडून गेलं. आता रबरात ना पेट्रोल, ना प्लॅस्टिसायझर. नळी आकसते, कडक होते, वाकवली की बारीक भेगा दाखवते. निपलवर घट्ट बसलेलं तोंड सैल पडतं, कारण क्लिप तिथेच राहिली आणि नळी बारीक झाली. पुढच्या मे महिन्यात टाकी पुन्हा भरतात, पहिल्या दिवशी थेंब-थेंब गळतं, मग रबर पुन्हा फुगून गळती थांबते, आणि मालक म्हणतो, "बसली आता." बसली नाही. एक फेरा पूर्ण झाला. प्रत्येक ओल्या-कोरड्या फेऱ्यात ती थोडी आणखी कडक होते.

म्हणून आमचं म्हणणं असं, की ही नळी निवडताना सहलीचे दिवस बघू नयेत, शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीचे दिवस बघावेत.

यात गेल्या काही वर्षांत एक भर पडली आहे. आपल्याकडच्या पंपांवर फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं, आणि आता ते जवळपास सगळीकडे आहे. लोकांना वाटतं, पेट्रोल रबराला थोडं फुगवतं, इथेनॉल थोडं फुगवतं, तर मिश्रण त्यांच्या मधलं काहीतरी करेल. तसं होत नाही. अनेक रबरांच्या बाबतीत मिश्रण दोघांपेक्षाही जास्त फुगवतं. पेट्रोल आणि इथेनॉल स्वभावानं भिन्न द्रव आहेत, आणि रबराच्या साखळ्यांत काही भाग एकाला जवळचा, काही दुसऱ्याला. दोघं मिळून आले की दोन्ही दारं उघडतात. मागे आपण 'अवयवी अवयवांपेक्षा वेगळा असतो का' यावर दोन तास घालवले होते. इथे एका बाटलीत उत्तर मिळतं. जुन्या, फक्त पेट्रोल डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या नळ्यांचा अनुभव म्हणून आज जसाच्या तसा लागू करता येत नाही.

इथेनॉल हवेतली ओलही घेतं. पाणी ठरावीक प्रमाणापुढे गेलं की पाणी आणि इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. आणि नळी जोडलेली असते तळालाच.

आता द्रव्यांकडे येऊ. पारदर्शक प्लॅस्टिकपासून सुरुवात करू, कारण मोह तिथेच जास्त आहे. गवंडी लेव्हल बघायला जी पारदर्शक नळी वापरतो ती पीव्हीसीची. हार्डवेअरच्या दुकानात कुठेही मिळते, स्वस्त असते, आणि आतून पेट्रोल जाताना दिसतं. जुन्या मोपेडना सलाइनची नळी लावलेली आमच्या पिढीनं पाहिलेली आहे. पीव्हीसी मुळात कडक प्लॅस्टिक. त्याची मऊ नळी होते ती भरपूर प्लॅस्टिसायझर घातल्यामुळे. वर रबराचं जे सांगितलं तेच इथे महिन्यांत नव्हे, आठवड्यांत होतं. नळी पिवळी पडते, आखडते, काडीसारखी मोडते. पेट्रोलसाठी म्हणून खास बनवलेल्या पिवळसर पारदर्शक नळ्याही मिळतात. त्या बऱ्या, गवत कापायच्या यंत्रांना छान. पण त्याही काळानं कडक होतात, आणि सायलेन्सरजवळ त्यांना नेऊ नये. पॉलियुरेथेनची नळी घासली तरी झिजत नाही आणि पेट्रोल बऱ्यापैकी सोसते, पण गरम झाली की नरमते आणि वळणावर मुडपते.

'दिसतं' या मोहाबद्दल दोन शब्द. प्रत्यक्ष हे ज्येष्ठ प्रमाण खरं, पण प्रत्यक्ष कशाचं, हे विचारायला हवं. पारदर्शक नळीत पेट्रोल दिसतं. नळीची भिंत किती कडक झाली ते दिसत नाही. ज्याला प्रवाहच बघायचा आहे त्यानं मध्ये पारदर्शक फिल्टर लावावा.

काळी रबरी नळी. साध्या पेट्रोल-नळीचं अस्तर नायट्राइलचं असतं आणि बाहेरचं आवरण ऊन-ओझोन सोसणाऱ्या दुसऱ्या रबराचं, कारण नायट्राइल एकटं ओझोनपुढे फाटतं. नायट्राइलमध्ये ॲक्रिलोनायट्राइल नावाचा घटक असतो. त्याचं प्रमाण वाढवलं की पेट्रोलला दाद देत नाही, पण थंडीत ताठ होतं. कमी केलं की थंडीत लवचीक राहतं, पण पेट्रोलमध्ये फुगतं. लेहला जाणाऱ्याला दोन्ही हवंय. अशी ओढाताण सगळ्याच द्रव्यांत असते, कुठे उघड, कुठे झाकलेली.

नळीवर पांढऱ्या अक्षरांत काही छापलेलं असतं ते वाचायची सवय लावा. अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे३० नावाचं मानक आहे. त्यात आर७ म्हणजे कमी दाबाची साधी नळी, अस्तर बहुधा नायट्राइलचं. आर९ म्हणजे इंजेक्शनच्या गाड्यांसाठीची, जिचं अस्तर फ्लुओरोइलॅस्टोमरचं असतं. याच रबराला लोक व्हायटन म्हणतात, ते ड्युपॉन्ट कंपनीचं १९५७ सालचं नाव. दोन्हींतला मोठा फरक आहे तो पाझराचा. रबराच्या भिंतीतून पेट्रोलची वाफ हळूहळू बाहेर जात असते, नळी धडधाकट असतानाही. आर७ ला दिवसाला, अस्तराच्या चौरस मीटरमागे, ५५० ग्रॅमची मुभा आहे. आर९ ला १५ ग्रॅमची. आपल्या एक मीटर लांब, सहा मिलिमीटर पोकळीच्या नळीला हे लावून बघा. आर७ मधून दिवसाला दहा ग्रॅमपर्यंत पेट्रोल नुसतं भिंतीतून जाऊ शकतं. आर९ मधून एका ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. भरलेल्या टाकीची गाडी इमारतीच्या खाली, बंद पार्किंगमध्ये, मीटरच्या पेटीशेजारी उभी राहते, तेव्हा हा फरक कळतो. वास येतो म्हणून लोक जोड आवळत बसतात. जोडातून काही येत नसतं.

आर९ च्या अस्तरात पेट्रोलला काढून घेण्यासारखं फारसं काही नसतं. म्हणून ओल्या-कोरड्या फेऱ्यात ते नायट्राइलपेक्षा कितीतरी कमी बदलतं, आणि इथेनॉलच्या मिश्रणातही कमी फुगतं. कडाक्याच्या थंडीत ते ताठरतं हे खरं, पण आपले लोक लेहला जातात जून ते सप्टेंबरमध्ये. एक ध्यानात ठेवा: आर९ आतून पेट्रोलसाठी आहे, बाहेरून नाही. नळीचा तुकडा टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहणार असेल तर आर१० लागते.

शब्दप्रमाणाची अट आठवते ना? सांगणारा आप्त हवा. नळीवर नुसतं 'फ्युएल' छापलेलं असेल, मानक नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, तर तो शब्द कुणाचा आहे हेच कळत नाही. अशा नळीबाबत आम्ही एक घरगुती परीक्षा सांगतो. वीतभर तुकडा कापा. लांबी मोजा, सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर वजन करा. धातूच्या झाकणाच्या काचेच्या बरणीत आपल्याच पंपाचं पेट्रोल घ्या, तुकडा त्यात बुडवा, घराबाहेर, सावलीत, चुलीपासून आणि मुलांपासून लांब ठेवा. आठवड्यानं काढा. पेट्रोलला पिवळा रंग चढला का? तुकडा किती लांबला, किती जड झाला? बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि फार फुगला नाही म्हणून नळी पास करतात. थांबू नका. तोच तुकडा आणखी एक आठवडा उघड्यावर वाळू द्या, मग पुन्हा मोजा आणि बोटाभोवती गुंडाळून बघा. मूळ लांबीपेक्षा आखूड झाला, किंवा वळताना पृष्ठभागावर बारीक जाळी दिसली, तर ती नळी जादा टाकीच्या कामाची नाही. ओल्या आठवड्यापेक्षा आमच्या दृष्टीनं हा कोरडा आठवडा महत्त्वाचा.

बाकीच्या द्रव्यांचं थोडक्यात. टेफ्लॉन, जे १९३८ साली रॉय प्लंकेट यांच्या हाती अपघातानं लागलं, त्याला पेट्रोल, इथेनॉल, काहीच लागत नाही. कोरडं राहिलं काय, ओलं राहिलं काय, सारखंच. मग तेच का नको? कारण ते निपलला धरत नाही. त्याला दाबून बसवलेली खास टोकं लागतात, ती नीट बसवणारा माणूस लागतो. लहान वळणावर ते मुडपतं आणि मुडपलेलं पुन्हा सरळ होत नाही. वरची स्टीलची जाळी ज्याला घासेल त्याला करवतीसारखी कापते, मग ती वायर असो की टाकीचा रंग. शिवाय साधं टेफ्लॉन वीज वाहून नेत नाही, त्यामुळे आतून पेट्रोल वाहताना स्थिर विद्युत साठू शकते. म्हणून इंधनासाठी कार्बन मिसळलेलं टेफ्लॉन घेतात. नायलॉन ११ आणि १२ च्या ताठ नळ्या कारखान्यातून गाड्यांना बसूनच येतात, आणि उत्तम असतात. नायलॉन ११ एरंडेलापासून बनतं, आणि जगातलं सगळ्यात जास्त एरंडेल आपल्या गुजरातेत होतं, हे जाता जाता. पण या नळ्यांना त्यांचेच जोड लागतात. घरी पकडीनं ओढून बसवायची ही वस्तू नाही. तांब्याची नळी काही जुने मिस्त्री सुचवतात. थरथरीनं तांबं कडक होऊन तडकतं, आणि तांब्याच्या संगतीत पेट्रोलचा डिंक लवकर होतो. ती नको.

तेव्हा निवड दोन आहेत, असं आम्हाला दिसतं. एक, सहा मिलिमीटरची आर९ नळी घ्या आणि ती कायम बसवून ठेवा. दोन, साधी नवी आर७ घ्या, सहलीच्या आदल्या दिवशी बसवा, परत आलात की काढून टाका आणि पुढच्या वेळी पुन्हा नवी. दुसरा मार्ग स्वस्त वाटतो आणि शिस्तीच्या माणसाला चांगला आहे. पहिलीत आपण कोरडेपण सोसणारी नळी घेतो, दुसरीत तिच्यावर कोरडेपणाची वेळच येऊ देत नाही. चूक होते ती तिसऱ्या मार्गात, आर७ बसवायची आणि विसरायची.

नळी बरोबर निवडून जोड बिघडवणारे खूप आहेत. स्क्रू आवळायची जी भोकांची पट्टी असते, जुबिली क्लिप, ती एवढ्या बारीक नळीला गोल आवळत नाही, आणि तिच्या भोकांच्या कडा रबरात रुततात. कडा वळवलेली, सपाट पट्टीची क्लिप घ्या, नाहीतर स्प्रिंगची. स्प्रिंगच्या क्लिपचा आम्हाला आवडणारा गुण असा, की नळी फुगली तर ती उघडते आणि आकसली तर मिटते. नळी जिथे फ्रेमच्या पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. सायलेन्सरपासून जेवढं लांब नेता येईल तेवढं. शॉकअप दबतो तेव्हा नळी ताणली जात नाही ना, हे कुणाला तरी सीटवर बसवून बघा.

कॉक टाकीच्या तोंडाशीच हवा, मधे नको. नळी तुटली तर कॉक बंद करून टाकी वाचवता आली पाहिजे. दोन्ही टोकांना कॉक असतील तर नळी पेट्रोलनं भरलेली असताना दोन्ही कधीही बंद करू नका. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग प्रसरण पावतं. सकाळच्या थंडीत कोंडलेलं पेट्रोल दुपारी वीस अंश तापलं तर दोन टक्के जागा मागतं, आणि बंद नळीत ती जागा नसते. अर्ध्या मीटरचा तो क्षुल्लक दाब तेव्हा क्षुल्लक राहत नाही.

प्रश्न आले आहेत. पहिला असा की मूळ टाकी भरलेली असतानाच कॉक उघडला तर काय होईल? जादा टाकी उंच आहे. तिचं पेट्रोल मूळ टाकीतून जागा शोधेल, आणि जागा मिळेल ती ब्रीदरमधून. आजच्या गाड्यांत ब्रीदर कोळशाच्या डब्याकडे जातो. तो पेट्रोलनं भिजला की इंजिन अडखळतं आणि उरलेलं पेट्रोल गरम इंजिनाच्या आसपास उतरतं. मूळ टाकी निम्म्यावर आल्याशिवाय कॉकला हात लावू नका. आणि जादा टाकीच्या झाकणाला हवा यायला वाट हवी, नाहीतर थोडं उतरून प्रवाह थांबतो आणि लोक नळी चोंदली म्हणून तिला दोष देतात.

दुसरा प्रश्न, कायम बसवलेली आर९ किती वर्षांनी बदलायची? आम्ही पाच वर्षं धरू, आणि दर सहलीआधी क्लिपच्या शेजारी दोन बोटांत वाकवून बघू, कारण नळी सगळ्यात आधी तिथे चिरते. टोक चिरलेलं दिसलं आणि लांबी पुरत असेल तर इंचभर कापून पुन्हा बसवता येतं. बसवल्याची तारीख पांढऱ्या मार्करनं नळीवर लिहून ठेवा, पण ती नळीच्या मध्यभागी लिहा. टोकाशी लिहिलीत तर पहिल्याच कापणीत जाते.